धबधब्याला किती हॉर्सपॉवर?

जगात असा एकही प्रश्न नाही ज्याचं उत्तर आकड्यात सांगता येत नाही, असं रविराजचं ठाम मत होतं. आणि आकडा म्हटला की तो रविराजलाच विचारावा, असंही त्याचंच मत होतं! चाकणच्या एका मोठ्या कंपनीत तो प्लॅनिंगला होता. किती बोल्ट लागतील, किती खोकी लागतील, रविवारी ओव्हरटाइमला किती माणसं बोलवायची, हे सगळं तो बसल्या जागी सांगायचा.

आता त्या कंपनीची एक रीत होती, ती आधीच सांगून टाकतो. तिथं कुणीही खरा आकडा मागत नसे. पाच खोकी हवी असली की दहा मागायची. मग वरचा साहेब त्याची सात करणार, खरेदीवाला सातची पाच करणार, आणि पाच आली की मागणारा मनातल्या मनात खूश! एका नव्या पोरीनं भोळेपणानं पाच हवीत म्हणून पाचच मागितली होती. तिला अडीच मिळाली. तेव्हापासून तीही शहाणी झाली. रविराजच्या तर ही रीत रक्तात भिनली होती. घरी दोन पोळ्या हव्या असल्या तरी तो आईला चार सांगायचा. आई चार वाढायची आणि तो चार खायचा, म्हणून पोट जरा पुढं आलं होतं.

तर अशा या रविराजचं पूनमवर प्रेम बसलं. पूनम त्याच्याच कंपनीत एचआरला. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये ओळख झाली आणि दोन पावसाळ्यांत गोष्ट घरापर्यंत गेली. रविराजचे आईवडील लातूरकडून येऊन रहाटणीत स्थिरावलेले. वडील कंपनीतून निवृत्त झाले होते आणि बहुधा बोलण्यातूनही. घरातलं सगळं बोलणं आई, म्हणजे दुर्गाबाई, एकटीच करायची. पूनमचं घराणं मात्र रावेतचं जुनं. वडील अर्जुनराव. निम्मी जमीन रस्त्यात गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी मंगल कार्यालय बांधलं. हिरवळ, कमानी, दिवे, आणि स्टेजच्या मागं एक डोंगर! फायबरचा, पण लांबून थेट सह्याद्री. या डोंगरावरून धबधबा कोसळणार आणि त्याच्यासमोर नवरानवरी उभी राहणार, अशी अर्जुनरावांची कल्पना होती.

घोडं अडलं ते धबधब्यात. डोंगर करणाऱ्यानं जाताना खेळण्याएवढा पंप बसवून दिला होता. बटन दाबलं की वरून एक बारीक धार यायची, मध्येच थांबायची, पुन्हा यायची. पाहायला आलेला एक पाहुणा म्हणाला, "अर्जुनराव, डोंगराला सर्दी झालीय काय?" ते अख्ख्या भावकीत पसरलं! अर्जुनराव चार दिवस कुणाच्या कार्याला गेले नाहीत.

नेमक्या अशा वेळी रविराज आईवडिलांना घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. चहापाणी झालं. पोहे झाले. अर्जुनरावांची थोरली बहीण गोजाआत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून रविराजला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या. या घरात शेवटचा शब्द आत्यांचा. अर्जुनराव पन्नाशीपार गेलेले, पण आत्यांसमोर अजून मांडी घालून बसायचे.

"पाव्हणं, तुमी इंजनेर म्हनं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"हो मामा. मेकॅनिकल."

"मग एक सांगा. ह्या आमच्या धबधब्याला मोटर किती हॉर्सपॉवरची लागंल?"

रविराजनं कॉलेजनंतर एकाही मोटरचं गणित केलेलं नव्हतं. पण पूनम दाराआडून बघत होती! तो छाती पुढं काढून म्हणाला, "त्यात काय मामा! दोन दिवसांत आकडा देतो. एकदम परफेक्ट!"

"बघा बरं का," अर्जुनराव म्हणाले. "त्या वाकडच्या गणराजशेठनं बी त्यांच्या भाच्यासाठी पूनमला मागणी घातलीय. पोरगं बरं हाय, पर त्याला मोटर म्हंजी चारचाकी एवढंच कळतंय. मला असा जावई पायजे की त्यानं सांगितलं आन् पाणी आलं!"

आत्यांनी खुर्चीतून निकाल दिला. "सुपारी हितंच फोडायची, आपल्या कार्यालयात. सगळ्या सोयऱ्यांम्होरं. आदी पाणी, मग सुपारी. पाणी न्हाई तर सुपारी न्हाई."

 घरी आल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, "लेकरा, लोक पत्रिका बघतेत, घरदार बघतेत. ह्ये मोटरीचं कुठून काढलं रे बाबा?"

पण रविराजचं लक्षच नव्हतं. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. पाणी वर चढवायला किती जोर लागतो? आपण रोज नळ सोडतो, गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं, ते वर कुणी नेलं आणि त्याला किती कष्ट पडले, हे आपण आजवर एकदाही विचारलं नाही! त्यानं जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली. शिंकत शिंकत वाचली. आणि त्याला गंमत वाटायला लागली, कारण गोष्ट अगदी सोपी निघाली. दर सेकंदाला पाणी किती न्यायचं आणि किती उंच न्यायचं, या दोन गोष्टी कळल्या की झालं.

उंची त्यानं दुसऱ्याच दिवशी मोजून आणली. अर्जुनरावांचा वायरमन भैरू डोंगरावर चढला, वरून दोरी सोडली, खाली रविराजनं टेप लावली. साडेचार मीटर. शिवाय पाइपला तीन वळणं. वळणावळणाला पाण्याचीही दमछाक होते, असं पुस्तकात होतं. त्या दमछाकीसकट त्यानं सहा मीटर धरले.

आता पाणी किती? इथं मात्र पुस्तक मुकं झालं. पाण्याचा पडदा धबधब्यासारखा दिसायला किती पाणी लागतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. रविराज दिवसभर तोच विचार करत राहिला. मीटिंगमध्ये साहेबांनी त्याचं मत विचारलं तर तो म्हणाला, "पडदा जाड हवा." साहेबांनी ते लिहूनही घेतलं!

शेवटी त्यानं स्वतःच करून पाहायचं ठरवलं. डोंगराचा कडा दहा फूट रुंद होता. सोसायटीच्या गच्चीवर कुणाच्यातरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स पडलेला होता, तोही बरोबर दहा फुटी. त्यानं तो कठड्यावर पसरला आणि वर पाण्याचं पिंप ठेवलं. दुर्गाबाईंना खाली अंगणात उभं केलं.

"आई, मी पाणी सोडतो. मागची भिंत दिसायची बंद झाली की सांग!"

पहिल्यांदा त्यानं तांब्यानं सोडलं.

"दिसतीय भिंत!" खालून आवाज आला.

मग लहान बादली.

"अजून दिसतीय! तिच्यावरचं पान खाऊन थुंकलेलं सुद्धा दिसतंय!"

मग त्यानं मोठी बादली एका दमात उलटी केली. पाण्याची चादर फ्लेक्सवरून सुळकन सुटली. वाढदिवसाचा नेता हसत हसत चिंब झाला.

"न्हाई दिसत! न्हाई दिसत! पन रवी, इंद्रायणीताईंच्या कुरडया बी दिसंनात!"

दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर इंद्रायणीकाकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. आता त्या पुन्हा चीक झाल्या होत्या. काकूंनी खिडकीतून जे काही सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. दुर्गाबाईंनी त्यांना दोन किलो कुरडया करून देण्याचं कबूल केलं आणि रविराजकडे असं पाहिलं की तो जिन्यातच बसून हिशोब करू लागला.

वीस लिटरची बादली, रिकामी व्हायला दोन सेकंद. म्हणजे सेकंदाला दहा लिटर. दहा लिटर, सहा मीटर, आणि पृथ्वी जी खाली ओढते तिचे पुन्हा दहा. गुणाकार केला, सहाशे वॉट झाले. पण पंप हा घरगड्यासारखा नसतो, कंत्राटदारासारखा असतो. त्याला दिलेल्यातलं निम्मं तो स्वतःच खातो. म्हणून बाराशे. आणि एक घोडा म्हणजे साधारण साडेसातशे वॉट. म्हणजे दीड घोडा आणि वर एक छोटंसं शिंगरू. बाजारात शिंगरू मिळत नाही. म्हणजे दोन!

दोन हॉर्सपॉवर!

रविराजला इतका आनंद झाला की तो जिन्यात एकटाच टाळी वाजवून हसला. एवढा डोंगर, एवढं पाणी, आणि फक्त दोन घोडे! त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता पूनमला फोन करून सांगावं. त्यानं मोबाईल काढला, 'दोन' टाइप केलं, आणि बोट थांबलं.

कारण रक्तातली रीत! दोन सांगितली तर अर्जुनराव काय करणार? वरचा माणूस आहे, कापणारच. दोनची एक करणार. आणि मग सोयऱ्यांसमोर डोंगराला पुन्हा सर्दी! त्यापेक्षा तीन सांगावी. ते दोन करतील. सगळं जागच्या जागी.

त्यानं 'दोन' पुसलं आणि लिहिलं, "तीन एचपी. मामांना सांग."

पूनमचं उत्तर आलं. "बस तीन?"

"भरपूर आहे गं! विश्वास ठेव."

तिनं एक अंगठा पाठवला. आणि रविराज गाढ झोपला.

सुपारीच्या दिवशी रावेतचं कार्यालय नटलं होतं. सनईचं रेकॉर्डिंग, गुलाबपाणी, फेटे. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर अर्जुनराव, त्यांच्या शेजारी साक्षात गणराजशेठ! पांढरा स्टार्चचा कुर्ता, पांढरी विजार. भाच्याचं स्थळ नाकारलं जातंय का ते डोळ्यांनी बघायला आले होते. स्टेजच्या कडेला आत्या, हातात रिमोट. अर्जुनरावांनी हौसेनं रिमोटचं बटन बसवून घेतलं होतं आणि मान आत्यांना दिला होता.

पूनम मोरपंखी शालूत आली. रविराजनं तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या मागं डोंगराकडे पाहिलं. आणि डोंगराकडेच पाहत राहिला.

"रवी," पूनम ओठ न हलवता म्हणाली, "मी इकडं आहे."

"हो गं, छान दिसतेस! पण बघ ना, पडदा डावीकडून सुरू होईल का मधून? कडा नीट पातळीत नसेल तर डावीकडूनच होणार. मी एकदा मागं जाऊन बघून येतो."

"आत्ता?"

"आलोच!"

डोंगराच्या मागं भैरू मोटरीची पूजा करून उभा होता. मोटरीला हळदीकुंकू, झेंडूचा हार, पुढं नारळ. रविराजला ती मोटर पाहून जरा नवल वाटलं. तीन घोड्यांची मोटर एका माणसाला उचलता येते. ही उचलायला चार माणसं लागली असती. पाइपही चांगला मांडीएवढा.

"काय पाव्हणं, कशी काय हाय?" भैरू अभिमानानं म्हणाला. "म्हैस हाय म्हैस! गावात कुणाकडं न्हाई असली!"

रविराजनं हार बाजूला केला. खाली पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर आकडा होता. त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

साडेबारा.

"भैरूभाऊ! ही कुठून आली?"

"कुठून म्हंजी? तुमीच सांगितली न्हवं!"

"मी?"

"अर्जुनआप्पा म्हनले, जावयानं गणित करून आकडा काढलाय, तीच आणायची. आमी आणली."

रविराजच्या डोक्यात दोनाचे साडेबारा होईनात. कुठला गुणाकार? त्याचा हात चुकला होता का? मीटरचे फूट झाले? त्याचं कुतूहल अशा अवघड वेळीही उफाळून आलं आणि तो क्षणभर तिथंच बोटं मोजत उभा राहिला. मग एकदम भानावर आला. सहापट घोडे! त्या कड्याला! समोर पूनम, समोर सोयरे!

"बंद करा! चालू करू नका!"

"बटन हितं न्हाई पाव्हणं. आत्याबाईंच्या हातात. आन् ह्या पेटीला कुलूप हाय, पोरंसोरं हात लावत्यात म्हणून. किल्ली आप्पांच्या कमरंला."

रविराज धोतराचा सोगा आवरत डोंगराला वळसा घालून धावला. सनई आता टिपेला गेली होती. तो लांबूनच दोन्ही हात हवेत हलवून ओरडू लागला, "थांबा! आत्याबाई, थांबा! नको!"

सनईत एक अक्षरही कुणाला ऐकू गेलं नाही. पण हात सगळ्यांना दिसले. सोयऱ्यांना वाटलं, जावई खुशीत आहे. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अर्जुनराव कौतुकानं म्हणाले, "बघा बघा, इंजनेर इशारा देतोय! दाबा आक्का!"

आणि आत्यांनी दाबलं.

आधी काहीच झालं नाही. डोंगराच्या पोटात नुसतं गुरगुरलं. मग कड्यावरचा एक फायबरचा दगड उचलला गेला. नुसता उचलला गेला नाही, तो उडाला! आणि त्याच्या पाठोपाठ पाणी आलं. ते खाली पडलंच नाही हो! धबधब्यानं खाली पडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सरळ आडवं सुटलं, स्टेजवरून गेलं, पूनमच्या डोक्यावरून कमान करून गेलं, आणि थेट पहिल्या रांगेवर उतरलं.

गणराजशेठ सोफ्यासकट मागं सरकले. त्यांचा स्टार्चचा कुर्ता अंगाला असा चिकटला की आतल्या बनियनची कंपनी वाचता येऊ लागली. अर्जुनरावांचा फेटा सुटून हिरवळीवरून वाहत निघाला. पेढ्यांची ताटं तरंगली. खालच्या तळ्यात शोभेला ठेवलेला प्लास्टिकचा राजहंस लोंढ्याबरोबर निघाला आणि गणराजशेठच्या मांडीवर जाऊन बसला. ते त्याला ढकलत होते, तो पुन्हा येत होता.

"बंद करा!" अर्धं कार्यालय ओरडलं.

"येऊ द्या!" आत्या ओरडल्या. त्यांनी रिमोट छातीशी धरला होता आणि त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "येऊ द्या! आगं बाई! ह्याला म्हनत्यात पाणी!"

दुर्गाबाई खुर्चीवर उभ्या होत्या. "रवी," त्या ओरडल्या, "भिंत दिसंना रे!"

मग तळंच संपलं. खालचं सगळं पाणी आता हिरवळीवर आणि पाहुण्यांत होतं. पंपाला ओढायला काही उरलं नाही आणि तो खडखडायला लागला. हा आवाज रविराजला पुस्तकातून माहीत होता. कोरडा पंप चालला की जळतो! रिमोटकडे जावं तर मध्ये आत्या. तो अर्जुनरावांकडे झेपावला, गुडघ्यावर बसला आणि त्यांच्या कमरेची किल्ली चाचपू लागला.

अर्जुनराव पाण्यानं डोळे मिटून बसले होते. त्यांना वाटलं, पोरगा पायावर लोळण घेतोय. त्यांनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले.

"मामा, किल्ली!"

किल्ली मिळाली, रविराज धावला, कुलूप निघालं, मोटर थांबली. आणि मग अशी शांतता पसरली की थेंब मोजता आले असते.

रविराज परत आला. सगळे त्याच्याकडे बघत होते.  आदी पाणी, मग सुपारी. पाणी तर आलं होतं! पण असं?

अर्जुनरावांनी तोंडावरून हात फिरवला. "पाव्हणं, ही साडेबाराची मोटर तुमच्या गणितानं आली?"

रविराजला स्वतःलाही हेच विचारायचं होतं. पण बोट कुणाकडे दाखवायचं? त्याचा निरोप पूनममार्फत गेला होता. तो म्हणाला, "मामा, मी तीन सांगितली होती. पुढं काय झालं ते मला माहीत नाही, पण चूक झाली ती माझ्याच..."

"तीन न्हाई, पाच!" अर्जुनराव म्हणाले. "पूनम म्हनली पाच."

पूनमनं पदर तोंडाला लावला. "आप्पा, तो तीनच म्हणाला होता. पण आपल्या जुन्या विहिरीवर पाचाची होती ना! तुम्ही म्हणाला असता, हा कसला इंजिनिअर, विहिरीएवढी पण मोटर सांगत नाही. म्हणून मी... त्याची लाज राखली."

"मग पाचाची साडेबारा कशी?" रविराजनं अधीरपणे विचारलं. आता त्याला राहवत नव्हतं.

अर्जुनराव खाकरले. "आता कार्याची गोष्ट. पाव्हणे जेवायला बसल्यावर कमी पडलं तर तोंड कुठं लपवायचं? म्हणून म्या म्हनलं साडेसात."

"साडेसात!" आत्या कडाडल्या. "सुपारीच्या कार्यात साडेसातीचा आकडा? शनी म्हाराज घरात आणतोस काय रं? म्या सांगितलं भैरूला, दहा कर म्हणून!"

सगळे भैरूकडे वळले. भैरूनं डोकं खाजवलं. "दुकानात दहाची न्हवती. बंटीशेठ म्हनला, आज साडेबारा घेऊन जा. मी म्हनलं, चालंल. वरच हाय की, खाली तर न्हाई!"

रविराजच्या डोळ्यांसमोर आकडे एकापाठोपाठ एक चढत गेले. आता कळलं! कुणाचाच गुणाकार चुकला नव्हता. सगळ्यांनी फक्त थोडं वर धरलं होतं. इतक्या भिजलेल्या लोकांत उभा राहून त्याला हसू यायला लागलं.

"पर पाव्हणं," अर्जुनराव हळू आवाजात म्हणाले, "खरी किती लागत हुती?"

"दोन, मामा."

"मग तीन का सांगितली?"

रविराजनं मान खाली घातली. "मला वाटलं, तुम्ही कापाल."

अर्जुनराव त्याच्याकडे पाहतच राहिले. "कापाल? आवो, आमच्या घरात कुणी कधी काय कापलंय? आमच्यात वाढत्यात!"

इतक्यात गणराजशेठ उठले. मांडीवरचा हंस त्यांनी खाली आपटला. "अर्जुनराव, पोरगी देताय का बुडवताय? ह्यो जावई? आमच्या भाच्यानं निदान पाहुण्यांना कोरडं तरी ठेवलं असतं! चार लोकांत हसं झालं तुमचं!"

आता बघा, माणसाचं मन कसं असतं. क्षणापूर्वी अर्जुनराव रविराजला काय सुनावतील याचा नेम नव्हता. पण बाहेरच्यानं नाव ठेवलं, आणि त्यांच्या कानशिलावरच्या शिरा ताठ झाल्या. ते ओल्या धोतरासकट उभे राहिले.

"शेठ, पोरगी आमची, पाणी आमचं आन् जावई बी आमचा. भिजलो तर आमी भिजलो. तुमाला टॉवेल देतो, बसायचं तर बसा. आक्का, सुपारी आणा!"

"आणली की!" आत्या म्हणाल्या. "आदी पाणी म्हनलं व्हतं म्या. आलं का न्हाई पाणी? आख्ख्या मावळात असलं आलं न्हवतं!"

ओल्या पाटावर ओली सुपारी फुटली. भिजलेले पेढे वाटले. दुर्गाबाईंना रडू आलं, आणि वडिलांनी तेवढ्यात कित्येक महिन्यांतलं पहिलं वाक्य बोलून टाकलं, "बरं झालं." पूनमनं रविराजच्या दंडाला करकचून चिमटा काढला. दुखलं, पण त्याला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

लग्नापर्यंत सगळी सूत्रं रविराजच्या हातात आली. अर्जुनरावांनी जाहीरच केलं की जावई म्हणेल तो आकडा, वर कुणी एक शेंगदाणासुद्धा ठेवायचा नाही. रविराज स्वतः बंटीच्या दुकानात गेला आणि दोन म्हणजे दोन घेऊन आला. भैरू पाच वेळा म्हणाला, "तीन घेऊ या का?" त्यानं पाच वेळा नाही म्हटलं. कडा पातळीत केला. एका दुपारी एकट्यानं चालू करून पाहिला. दहा फुटी चादर, अगदी त्या गच्चीवरच्यासारखी, मागचं काही दिसत नाही, समोर एक थेंब उडत नाही! तो कितीतरी वेळ तिथं उभा राहून बघत होता. आपण जिन्यात बसून मांडलेलं गणित समोर पडतंय, हे सुख आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं.

लग्नाला तोबा गर्दी लोटली. न बोलावलेलेही आले. रविराजला वाटलं, आपल्या गणिताची कीर्ती पसरली. पण पाहतो तर काय, पुढच्या चार रांगांत लोक रेनकोट घालून बसलेले! कुणी छत्र्या आणल्या होत्या. पोरं चड्डीवर तयार होती. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कॅमेरा चालू. फक्त गणराजशेठ लांब, मागच्या भिंतीला टेकून उभे होते.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. आत्यांनी रिमोट दाबला. कड्यावरून पाणी शांतपणे, एकसारखं, सुळकन खाली उतरलं. अगदी हिशोबाप्रमाणे.

लोक वाट बघत राहिले.

"मोठा कधी चालू होणार?" रेनकोटातला एक जण म्हणाला.

"हाच आहे," रविराज म्हणाला. "दोन हॉर्सपॉवर. एकदम परफेक्ट."

"एवढंच?" म्हणून त्यानं रेनकोटाची बटणं काढली आणि जेवणाच्या रांगेकडे निघाला. त्याच्या मागं बाकीचेही निघाले. छत्र्या मिटल्या. पोरं रडवेली होऊन आयांकडे गेली.

आत्या हळूहळू चालत आल्या. धबधब्याकडे पाहिलं, रविराजकडे पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"गणित तुमचं बराबर हाय हो जावईबापू," त्या म्हणाल्या. "पर कमी पडलं."

पूनम तोंडावर रुमाल धरून हसत होती. रविराजही हसला. पण त्या रिकाम्या होत चाललेल्या रांगांकडे बघून, आणि तेही फक्त मनातल्या मनात, त्याला वाटून गेलं: तीन चालली असती.